एकदाच दाबला

खंडेनवमीच्या दुपारी बायडाबाई शेवरीचं कुंपण ओलांडून आल्या, तेव्हा भिमानाना ओट्यावर बसून झेंडूच्या माळेचा दोरा दातानं तोडत होते. दोरा तोंडातच राहिला. थोरल्या वहिनी या बाजूला शेवटच्या आल्या होत्या त्या नानांच्या मुलाच्या, समर्थच्या लग्नात, आणि तेव्हाही अक्षता टाकून जेवायला न थांबता परत गेल्या होत्या. एरवी दोन घरांत सामाईक उरलं होतं ते एवढंच: एक विहीर, एक विजेची डीपी आणि हे कुंपण. डीपी जळाली की दोन्हीकडची माणसं तिच्याखाली येऊन उभी राहत, पण एकमेकांकडे न बघता वर तारांकडे बघत.

"भाऊजी, चला," बायडाबाई म्हणाल्या. "ह्यांनी बोलावलंय."

"त्यांना बोलता कुठं येतंय?"

नाना हे बोलून गेले आणि मग त्यांना वाटलं, बोलायला नको होतं. रंगनाथआण्णांना लकवा मारल्यापासून उजवं अंग लुळं होतं आणि जीभ जड झाली होती. सख्ख्या भावाच्या आजारपणावर बोट ठेवावं इतके नाना वाईट नव्हते. पण त्या घराचं नाव निघालं की त्यांच्या जिभेला आपोआप धार यायची, आणि इतक्या वर्षांची सवय एका दुपारी कशी सुटणार?

बायडाबाईंनी ते मनावर घेतलं नाही. "बोलता येत नाय, पण कळतं समदं. हत्यारं मांडलीत. बंदूक बी मांडली हे. ती तुमच्या नावावर करायची म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"हेच. हात गेल्यापास्नं परवाना अडलाय. कचेरीतनं सांगितलं, वारसाच्या नावावर करा नायतर जमा करा. नातीनं, पल्लवीनं, त्यांना एकेक नाव घेऊन इचारलं. पोराचं, मनोजचं नाव घेतलं, मान हलली नाय. तुमचं घेतलं, हलली."

आतून भागुबाई पिठाचे हात घेऊन दारात आल्या होत्या. दोघी जावांनी एकमेकींकडे पाहिलं. नानांच्या डाव्या पायात, गुडघ्याखाली, दोन-तीन छर्रे अजून होते. थंडी पडली की ते ठणकायचे. आणि ज्या बंदुकीतून ते आले, ती आता त्यांच्याच गळ्यात घालायला निघाले होते पलीकडचे.

ते झालं ते असं. त्या साली भुईमुगात रानडुकरं शिरत होती. खालच्या अंगानं भिमाजीनं डबा वाजवत डुकरं उठवायची आणि वरच्या बांधावर रंगनाथानं दुनळी घेऊन थांबायचं, असा दोघा भावांचा ठरलेला डाव होता. आदल्या दिवशी विहिरीच्या पाळीवरून दोघांची जुंपली होती. 'आबांनी बंदूक तुला दिली म्हणून विहीर दिली नाय,' असं भिमाजी वडिलांचं नाव काढून चार लोकांत बोलला होता. सकाळी डुक्कर उठलं, बार झाला, तो मातीत गेला. आणि त्याला चिकटूनच दुसरा बार झाला, तो भिमाजीच्या पायात. रंगनाथ बंदूक फेकून धावत आला. भावाचं डोकं मांडीवर घेऊन तो एकच वाक्य म्हणत राहिला: "मी एकदाच दाबला रे भिमा. एकदाच दाबला."

दवाखान्यात पोलीस आले, तेव्हा भिमाजीनं सांगितलं की बंदूक पुसताना आपल्याच हातून उडाली. पोलिसांत त्यानं भावाचं नाव सांगितलं नाही, आणि घरात पुन्हा कधी घेतलं नाही. गावानं त्याच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. घोटीचे आणि सिन्नरचे पाहुणे बैठकीला आले, त्यांनी रंगनाथाला विचारलं, तर तो विहिरीवर हात ठेवून तेच म्हणाला: एकदाच दाबला. बार दोन झालेले सगळ्या शिवारानं ऐकले होते. तेव्हा खाटेवर पडलेला भिमाजी म्हणाला, "खरं हे त्याचं. त्यानं एकदाच दाबला. दुसरा बंदुकीनं आपल्या मनानं दिला."

बैठक हसली. तिथून त्या शब्दांची म्हण झाली. पोरानं दूध सांडून कानावर हात ठेवले की आई म्हणायची, हो बाबा, एकदाच दाबला. सरपंचानं रस्ता मंजूर झाल्याचं सांगितलं की मागून कोणीतरी म्हणायचं, एकदाच दाबला. म्हण इतकी रुळली की ती कुठून आली हे नव्या पोरांना ठाऊकही नव्हतं. खुद्द मनोजनं लहानपणी आपल्या बापासमोर ती वापरली आणि बायडाबाईंच्या हातची खाल्ली. का खाल्ली, हे त्याला मिसरूड फुटल्यावर कळलं.

आणि रंगनाथानं त्या दिवसापासून दुसऱ्या नळीत काडतूस घातलं नाही. दुनळी असून एकच नळी भरायचा. लोक म्हणाले, बघा, मनाला खातंय. नानाही तेच म्हणाले.

"मी नाय येणार," नाना आता म्हणाले.

"जाऊन या ओ," भागुबाई म्हणाल्या. "खंडेनवमीला घरी बोलवायला आलेल्या माणसाला नाय म्हणू नये. आणि आक्का, तुम्ही आधी गूळ-पाणी घ्या."

बायडाबाई ओट्याच्या कडेला टेकल्या. त्या पाणी प्याल्या, आणि प्याल्यावर पदरानं तोंड पुसता पुसता डोळेही पुसले. नानांनी ते पाहिलं. बाईमाणसाच्या डोळ्यांतलं पाणी हा नानांचा जुना कमकुवतपणा, तो भागुबाईंना पुरता माहीत होता. त्यांनी मुकाट्यानं खुंटीवरची टोपी काढून नवऱ्याच्या हातात दिली.

*

पलीकडच्या पडवीत सारवलेल्या जमिनीवर विळे, खुरपी, कोयते, छाटणीच्या कात्र्या मांडल्या होत्या. ट्रॅक्टर दारातच उभा होता आणि त्याच्या बॉनेटवर कुंकवाची बोटं होती. मधोमध पाटावर घोंगडी, घोंगडीवर बंदूक. तिच्या दोन्ही नळ्यांवर कोणीतरी हळदीकुंकू वाहिलं होतं आणि दस्त्याला झेंडूची माळ गुंडाळली होती. नानांनी तिच्याकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे नेली.

दुसरीकडे खाटेवर भाऊ होता. इतक्या जवळून त्यांनी त्याला फार दिवसांनी पाहिलं. रंगनाथआण्णा म्हणजे एके काळी पोतं एका खांद्यावर टाकणारा गडी. आता सदऱ्यात माणूस कमी आणि कापड जास्त होतं. नानांच्या आत काहीतरी हललं आणि त्याचा त्यांना रागही आला.

आण्णांनी नानांना पाहिलं. चांगला असलेला डावा हात उचलला आणि एक बोट वर केलं.

"मनोज, भांडं आण रे," बायडाबाई म्हणाल्या. "ह्यांना एकीला जायचंय."

आण्णांनी मान जोरात हलवली. तोंडातून "ए... ए..." असा आवाज काढला आणि बोट तसंच वर धरलं.

"आणतोय, आणतोय, धीर धरा," मनोज म्हणाला. भांडं आलं, चादर आडवी धरली गेली, आणि आण्णांनी रागानं भांडं ढकललं. ते खणखणत ट्रॅक्टरच्या चाकाशी जाऊन पडलं.

"असंच करतात," बायडाबाई शरमून म्हणाल्या. "बोट करतात, भांडं दिलं की ढकलतात. आजारानं माणसाचं पोर होतं भाऊजी."

नानांना खुर्ची दिली ती त्यांनी भिंतीकडे सरकवून घेतली. त्यांच्या मागोमाग भागुबाई आल्या होत्या, आणि मुलगा समर्थ, तो उभाच राहिला.

मनोजला धीर निघत नव्हता. मनोज म्हणजे आण्णांचा थोरला, एका पुढाऱ्याच्या गाडीमागच्या गाडीत बसणारा. बंदूक कमरेला लावता येत नाही याचंच त्याला वाईट वाटत असावं. "नाना, राग मानू नका," तो म्हणाला, "पण आण्णांना आजारात काय कळतंय? मान हलली म्हणून बंदूक कुंपणाच्या पल्याड जाईल काय? थोरल्या घरची वस्तू हे ती. आबांची."

"ठेवा की मग थोरल्या घरातच," समर्थ म्हणाला. "आम्ही मागायला आलो नाय. माझं म्हणाल तर पोलीस ठाण्यात जमा करा आणि मोकळे व्हा. आमच्या नानांच्या पायातलं शिसं अजून निघालं नाय, आणि तुम्ही तिला हळदीकुंकू वाहताय."

"समर्थ, तोंड सांभाळ."

"का? दुसरा बार काढशील?"

नानांनी मुलाला थांबवायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर पोरानं आपली बाजू घेतली याचं त्यांना बरंच वाटलं.

"मला बोलू द्या आता," पल्लवी म्हणाली. मनोजची मुलगी. सिन्नरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या टूलरूमला होती, सुटे भाग मायक्रोमीटर लावून मोजायचं तिचं काम. दोन्ही घरांत सरळ कुंपणातून येणारं-जाणारं असं हे एकच माणूस. लहानपणी तिला कुणी अडवलं नाही आणि मोठेपणी अडवायची कुणाची हिंमत झाली नाही. ती नानांसमोर खाली जमिनीवर बसली. "नाना, बंदूक तुम्हाला द्यायची हे मी आण्णांच्या तोंडात घातलेलं नाही. मी सगळ्यांची नावं घेतली. का देतायत ते मला कळेना. मग परवान्याच्या कागदासाठी बंदुकीचं वर्णन लिहायचं होतं म्हणून मी ती नीट बघितली. दुनळीला चाप किती असतात?"

"दोन."

"हिला?"

"एक. मला काय शिकवती? आबांनी ती देवळालीच्या म्हाताऱ्या साहेबाकडनं आणली तवा मी हिला पहिल्यांदा हात लावला. एका चापाची दुनळी म्हणून गाव बघायला आलं होतं."

"तो चाप मूळचा नाही. मागाहून कुणीतरी बसवलाय. बंदूक अमेरिकेतली, शंभर वर्षांपूर्वीची. करणाऱ्याचं नाव घासून गेलंय. त्या काळात तिकडं दुनळी करणारे खंडीभर होते. पार्कर, फॉक्स, लिफिव्हर. स्मिथ नावाचे दोन सख्खे भाऊ होते, बेकर म्हणून भागीदार होता, तिघांचा एक कारखाना. मग फाटलं. एक भाऊ तिथंच राहिला, दुसरा त्या बेकरला घेऊन इथाका नावाच्या गावी गेला आणि तिथं त्यानं आपली वेगळी बंदूक काढली."

"विहिरीवरनं फाटलं असंल," भागुबाई म्हणाल्या.

मनोजला हसू आलं, समर्थलाही आलं, आणि दोघांनी ते एकमेकांपासून लपवलं.

"ते माहीत नाही नानी. पण पुढं ह्या सगळ्यांना एकच खूळ लागलं. दोन चाप म्हणजे बोट एकावरनं दुसऱ्यावर न्यावं लागतं. तर एकच चाप करू. दाबला की एक नळी, सोडून परत दाबला की दुसरी. कागदावर एकदम सोपं. आणि केलं, तर कितीतरी बंदुका दोन्ही बार एकदम द्यायला लागल्या. चांगले नेमबाज शपथेवर सांगायचे, आम्ही एकदाच दाबला."

नानांची मान वर झाली.

"काय सांगायचे?"

"एकदाच दाबला," पल्लवी हळू म्हणाली. "मी ते वाचलं आणि उठलेच नाही जागेवरनं. तिकडंही कुणाचा विश्वास बसेना. आतले भाग तपासले तर ठीक. मग कळलं काय होतं ते. बार झाला की बंदूक मागं धक्का देते, बोट चापावरनं सुटतं. खांदा तिला परत पुढं ढकलतो आणि बोट आपसूक आवळतं. चाप दुसऱ्यांदा दाबला जातो, पण माणसाला पत्ता नसतो. तो खरंच एकदाच दाबतो, त्याच्या मनानं. मग कारखान्यांनी ते न कळणारं दाबणं हिशोबात धरून आतली कळ बदलली. कुणी मध्ये एक रिकामा, बार न उडवणारा दाब ठेवला, कुणी धक्क्यानं हलणारं वजन घातलं. ह्या बंदुकीला बसवणाऱ्यानं तसलं काहीच केलेलं नसावं."

बायडाबाई उभ्या होत्या त्या खाटेच्या पायाशी बसल्या. मनोज बापाकडे बघत राहिला. त्याच्या तोंडावरचा पुढाऱ्याच्या माणसाचा तोरा गेला होता. "म्हणजे आण्णा..." तो म्हणाला. "म्हणजे मी लहानपणी..." आणि थांबला.

"वा!" नाना म्हणाले. "झकास हे. माणसाचं पाप अमेरिकेच्या अंगावर टाकायचं. पोरी, तुझ्या आज्यानं आदल्या दिवशी माझ्यावर विळा उगारला होता. ते कुठल्या कारखान्यात लिहिलंय?"

"नाना, मी फक्त—"

"त्याला राग होता म्हणून त्यानं दाबला. राग नसता तर डुकराला एकच बार बास होता. बोटाला कळत नाय म्हणे! ह्या हातानं मी जन्मभर खुडणी केली. फूल तोडलं का नाय ते बोटाला कळतं."

ते मोठ्यानं बोलत होते आणि आपण मोठ्यानं का बोलतोय हे त्यांचं त्यांना समजत होतं. त्यांना भीती वाटत होती. पाय गेला, कुस्ती गेली, लहानपणी भावाच्या पाठीवर बसून विहिरीत घेतलेल्या उड्या गेल्या, या सगळ्याची भरपाई म्हणून त्यांच्याकडे एकच गोष्ट होती: आपण खरे, तो खोटा, आणि तरीही आपण त्याला पोलिसांतून वाचवलं. त्या मोठेपणावर त्यांचं सगळं आयुष्य उभं होतं. आता ही पोर येऊन म्हणत होती की तो खोटा नव्हता. मग आपण कोणाला माफ केलं? आणि कशाची माफी?

त्यांनी आधारासाठी बायकोकडे पाहिलं. भागुबाई हत्यारांकडे बघत होत्या.

"तू ऐकलेस ना बार?" नाना म्हणाले. "सांग हिला. दोन ऐकलेस का नाय?"

"दोन ऐकले," भागुबाई म्हणाल्या. "पण कसे ऐकले ते कुणी इचारलंच नाय मला. जिन्यावरनं पातेलं घरंगळावं तसे एकात एक ऐकले. मला तवाच वाटलं होतं, माणूस इतक्या झटक्यात दोनदा दाबील कसा? हात हाय का यंत्र?"

"तवा का नाय बोललीस?"

"तुमच्या पायातनं रक्त जात होतं. मी तुमची बायको का त्यांची वकील? आणि पुढं तुम्हीच ती म्हण काढली. लोक हसले, तुम्हाला बरं वाटलं. मग कोण बोलणार?"

जे कधी झालं नव्हतं ते झालं होतं. भागुबाई पलीकडच्या खाटेशी, जावेच्या शेजारी जाऊन बसल्या. आणि इकडे नानांच्या मागे एकटा समर्थ उरला, तोही आता खाली बघत होता.

नाना उठले. काठी टेकत पाटाशी गेले. बंदुकीवरची माळ त्यांनी सोडवली आणि नीट, फुलं न तोडता, घोंगडीवर ठेवली.

"काडतुसं हायेत?"

"नाना, काय करताय?" मनोज म्हणाला.

"दोन्ही नळ्या भर. मी दाबतो. एकदाच. समद्यांच्या डोळ्यांसमोर. एक बार झाला तर ही पोर आपल्या तोंडानं म्हणंल, अमेरिका खोटी. आणि पुन्हा ह्या घरात कुणी मला बोलवायचं नाय."

"आणि दोन झाले तर?" पल्लवीनं विचारलं.

नाना काडतुसांसाठी मनोजपुढं हात धरून राहिले.

"नाना, सणाला हवेत बार काढायला बंदी हे," समर्थ म्हणाला. "आत टाकतील."

"हवेत कोण काढतंय? मळ्यात डुकरं रोज येत्यात, आणि परवानेवाला हा बसलाय समोर." हे कायद्यात कितपत बसतं ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्या क्षणी विचारायची कुणाची छाती नव्हती. मनोजनं एकदा बापाकडे पाहिलं. आण्णा डावा हात खाटेच्या काठावर आपटत होते. हो म्हणत होते की नाही म्हणत होते ते कळेना. शेवटी बायडाबाईच म्हणाल्या, "दे बाबा. व्हायचं ते एकदा होऊन जाऊ दे."

विहीर खणली तेव्हाच्या मातीचा ढिगारा पडवीसमोर होता. त्याच्यावर आता गवत माजलं होतं. सगळ्यांना मागे घेतलं. आण्णांची खाट दाराशी ओढली. मनोजनं बंदूक बिजागरीपाशी वाकवून उघडली आणि दोन्ही नळ्यांत काडतुसं सारली. दुसरं सारताना त्याचा हात थांबला, कारण त्या नळीत काडतूस गेलेलं त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं.

नानांनी ट्रॅक्टरच्या चाकाला पाठ लावली, दस्ता खांद्यात बसवला. जुन्या तेलाचा आणि लोखंडाचा वास नाकात गेला आणि त्यांना आबा आठवले. "बघा रे," ते म्हणाले. "हे बोट. दाबणार आणि काढून घेणार." मनात त्यांनी तेच घोकलं. दाबायचं आणि काढायचं. फूल खुडल्यासारखं.

त्यांनी दाबलं.

खांद्यावर कुणी कुदळ घातली असं वाटलं. चाकाला पाठ होती म्हणून ते पडले नाहीत. शेवरीवरच्या साळुंक्या ओरडत उडाल्या, कळवणहून आणलेली नवी गाय दाव्याला हिसडे देऊ लागली. नळ्या वर आभाळाकडे गेल्या होत्या. ढिगाऱ्यावर एक मातीचा खड्डा पडला होता. आणि त्याच्या बऱ्याच वर, ढिगाऱ्यापलीकडच्या बाभळीचा शेंडा तुटून लोंबत होता.

समर्थ पहिला पोचला. त्यानं बापाच्या हातातून बंदूक काढून घेतली. तो घाबरून चिडला होता. "नाना, दोनदा कशाला दाबला? एकदाच म्हणाला होता ना?"

"मी एकदाच दाबला," नाना म्हणाले.

कुणी हसलं नाही.

नानांनी आपल्या बोटाकडे पाहिलं. त्यांनी ते काढून घेतलं होतं. देवाशपथ काढून घेतलं होतं. त्यांना पक्कं आठवत होतं. "समर्थ, मी एकदाच दाबला रे," ते पुन्हा म्हणाले, आणि मुलाच्या तोंडावर त्यांना तेच दिसलं, जे एका सकाळी भुईमुगाच्या शेतात पडल्या पडल्या त्यांच्या स्वतःच्या तोंडावर असणार. मुलाचा विश्वास बसला नव्हता. त्याला बसवायचा होता, पण कान दोन बार ऐकून बसले होते.

मनोजनं बंदूक उघडली. दोन्ही काडतुसं रिकामी होती. आपलं खरं झालं म्हणून पल्लवीला आनंद झालेला दिसला नाही. ती रडत होती.

नाना काठी न घेताच निघाले. ट्रॅक्टरपासून खाटेपर्यंत दहा पावलं नसतील, पण लंगडत जाताना त्यांना ती बैठक आठवली, घोटीचे पाहुणे आठवले, आणि आपण खाटेवरून मारलेला तो टोमणा आठवला. त्याच्यावर गाव इतकी वर्षं हसलं, आणि भाऊ विहिरीवर हात ठेवून उभा होता. त्यांना आपली लाज वाटली. अशी लाज या वयात वाटावी याचंही वाईट वाटलं, कारण ती भरून काढायला आता दिवस फार उरले नव्हते.

ते खाटेवर टेकले. भावाचा लुळा उजवा हात त्यांनी उचलून आपल्या मांडीवर घेतला. याच हाताचं ते बोट.

"दादा," नाना म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून आला आणि भागुबाईंनी पदर तोंडाला लावला. "दादा, मी एकदाच दाबला."

आण्णांचं तोंड एका बाजूनं हललं. डोळे भरून आले. त्यांनी डावा हात वर केला, कष्टानं, आणि एक बोट ताठ उभं धरलं.

बायडाबाई सवयीनं उठल्या आणि ट्रॅक्टरच्या चाकाशी पडलेलं भांडं उचलायला वाकल्या.

"वहिनी, भांडं ठेवा," नाना म्हणाले. "दादा एकदाच म्हणतोय. कवाचा म्हणतोय तो."